कर्नेलमधली किल्ली पुसताना : आधी प्रती मोजा, मग शून्ये लिहा

फोंड्याच्या एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थांच्या शाखांमध्ये ठेवण्यासाठी ते एक छोटी संगणक-पेटी तयार करीत आहेत. तिच्यातील डिस्कवर जाणारी प्रत्येक नोंद त्यांचे स्वतःचे लिनक्स कर्नेल मॉड्यूल (कार्यप्रणालीच्या गाभ्याला जोडलेला कोडचा भाग) एईएस या कूटपद्धतीच्या २५६ बिटांच्या किल्लीने कूटबद्ध करते. काम संपले की ते किल्लीच्या बफरवर, म्हणजे तिच्यासाठी राखलेल्या मेमरीवर, 'मेमसेट'ने शून्ये लिहितात आणि 'केफ्री'ने जागा परत करतात. त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले की 'मेमसेट'वर विसंबू नका, 'मेमझीरो_एक्स्प्लिसिट' वापरा. दोन्ही फंक्शने शून्येच लिहीत असतील तर त्यांत फरक कोणता, आणि हा बदल केला म्हणजे किल्ली मेमरीतून खरोखर गेली असे म्हणता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. कोडचा संबंधित भागही त्यांनी सोबत दिला आहे.

फरक कोणता ते आधी सांगतो, कारण ते लवकर सांगून होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे, आणि माझे बरेचसे म्हणणे त्याविषयीच आहे.

प्रोग्रॅमचा बाहेरून दिसणारा परिणाम कायम राखणे एवढीच, कोडच्या यंत्राज्ञा बनवणाऱ्या कम्पायलरवर सी भाषेची सक्ती आहे. एखाद्या जागेवर लिहिलेली किंमत यापुढे कोणीही वाचणार नाही असे त्याच्या लक्षात आले, तर ते लिहिणेच तो गाळतो. फंक्शनच्या शेवटी स्थानिक ॲरेवर (फंक्शनपुरत्या घेतलेल्या बाइटांच्या रांगेवर) केलेले 'मेमसेट' नेमके असेच असते : ॲरे संपणार आहे, तिला नंतर कोणी हात लावणार नाही, म्हणजे त्याच्या हिशेबी ही निरुपयोगी मजुरी. ही भीती केवळ पुस्तकी नाही. २०१४ साली ३.१६ कर्नेल जीसीसी या कम्पायलरच्या ४.८.३ आवृत्तीने बांधला असता यादृच्छिक संख्या देणाऱ्या ड्रायव्हरमधली, गुप्त माहिती पुसणारी 'मेमसेट' अशीच नाहीशी झालेली आढळली. ज्या ड्रायव्हरवर साऱ्या यंत्रणेतील किल्ल्यांची भिस्त असते, त्यातच हे घडले होते. त्यातूनच 'मेमझीरो_एक्स्प्लिसिट' जन्माला आले आणि ३.१८ मध्ये कर्नेलमध्ये दाखल झाले.

हे लिहिण्यापूर्वी मी पर्वरीतल्या माझ्या टेबलावर पुन्हा एकदा करून पाहिले, आणि तुम्हीही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असा माझा आग्रह आहे. ३२ बाइटांची स्थानिक ॲरे घ्या, ती भरा, वापरा आणि शेवटी 'मेमसेट' करा. कर्नेलच्या नेहमीच्या ओ-२ या ऑप्टिमायझेशन-पातळीवर बांधून ऑब्जेक्ट फाइल 'ऑब्जडंप' या यंत्राज्ञा दाखवणाऱ्या साधनाने उघडा. 'मेमसेट' शाबूत असते तर x८६-६४ वर फंक्शनच्या शेपटीशी, स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) पूर्ववत करण्याच्या आधी, आठ-आठ बाइटांत शून्य टाकणाऱ्या चार 'मूव्हक्यू' आज्ञा दिसल्या असत्या. त्या जागी काहीच नसते. वापर संपतो आणि लगेच 'रेट' ही परतण्याची आज्ञा येते. मग तीच ओळ 'मेमझीरो_एक्स्प्लिसिट'ने बदला, आणि त्या चार आज्ञा परत येतात. आत जादू काही नाही. ते फंक्शन साधे 'मेमसेट'च करते आणि त्यानंतर एक रिकामी असेंब्ली ओळ ठेवते. त्या ओळीतून प्रोसेसरसाठी एकही आज्ञा निर्माण होत नाही, परंतु 'हा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) मी घेतला आहे आणि मेमरीत काय आहे ते मी पाहू शकते' असे ती कम्पायलरला सांगते, त्यामुळे आधीची शून्ये गाळण्याचा अधिकार त्याला उरत नाही. ओपनबीएसडीचे 'एक्स्प्लिसिट_बीझीरो', विंडोजच्या कर्नेलमधले 'आरटीएल-सिक्युअर-झीरो-मेमरी' आणि सी-२३ या मानकात आलेले 'मेमसेट_एक्स्प्लिसिट' ही सारी एकाच दुखण्यावरची औषधे आहेत.

तुमचा बफर मात्र स्टॅकवर नाही, तो कर्नेलकडून 'केमॅलॉक'ने मागून घेतलेला आहे, आणि येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. 'केफ्री'च्या पोटात काय चालते हे कम्पायलरला सहसा दिसत नाही. त्यामुळे तो पॉइंटर बाहेर गेला असे समजून तो आधीचे 'मेमसेट' बहुधा राखतो. म्हणजे तुमचा आजचा कोड आज कदाचित बरोबर चालतही असेल. परंतु लिंक करतानाच्या ऑप्टिमायझेशनमध्ये फाइलींच्या भिंती पडतात, आणि आज न दिसणारे उद्या दिसू लागते. कर्नेलमध्ये 'केझेडफ्री' नावाचे फंक्शन २००९ पासून होते. २०२० साली त्याच्या आतले 'मेमसेट' काढून तेथे 'मेमझीरो_एक्स्प्लिसिट' घातले गेले ते भविष्यातील याच शक्यतेसाठी. त्याच वर्षी त्याचे नाव 'केफ्री_सेन्सिटिव्ह' झाले, आणि हे नामांतर मला मनापासून पटते, कारण जुन्या नावातून केवळ कृती कळत होती आणि नव्या नावातून हेतू कळतो : या मेमरीत गुपित होते, हे वाचणाऱ्याला त्या ओळीवरच समजते. तुमच्या दोन ओळींच्या जागी हे एक फंक्शन घाला.

त्यात आणखी एक फायदा आहे. स्लॅब, म्हणजे कर्नेलमधला मेमरी वाटणारा भाग, तुम्हाला मागाल तेवढीच जागा देत नाही, ठरलेल्या मापाची देतो. तुमच्या स्ट्रक्चरमधले 'क्रिप्टो_एईएस_सीटीएक्स', म्हणजे एईएसच्या तयार किल्ल्या ठेवण्याची लिनक्सची रचना, ४८४ बाइटांचे आहे. एवढी जागा मागितली की ५१२ चा तुकडा मिळतो. 'केफ्री_सेन्सिटिव्ह' पूर्ण तुकडा पुसते, शेपटीच्या २८ बाइटांसकट. याउलट नुसत्या 'केफ्री'ने काय होते ते लक्षात घ्या : मोकळ्या तुकड्यांची साखळी जोडण्यासाठी स्लब (स्लॅबची आजची अंमलबजावणी) त्या तुकड्यात आठ बाइटांचा एक पॉइंटर लिहितो, अलीकडच्या कर्नेलांत साधारण मध्यावर, आणि बाकीचे सारे होते तसेच राहते. ती जागा दुसऱ्या कोणी मागून तिच्यावर लिहीपर्यंत तुमची किल्ली तिथेच पडून असते. हा काळ मिलिसेकंदांचा असू शकतो किंवा, कमी वर्दळीच्या पेटीत, कित्येक दिवसांचाही.

तुमच्या कोडमध्ये एक सरळ चूक आहे, ती येथेच दाखवतो. किल्ली हा पॉइंटर असताना तुम्ही लांबीच्या जागी 'साइझऑफ' किल्ली असे लिहिले आहे. ६४ बिटांच्या यंत्रावर ते आठ होते. म्हणजे ३२ पैकी आठ बाइट पुसले गेले आणि २४ जसेच्या तसे राहिले. ही चूक मी अनुभवी लोकांच्या हातूनही झालेली पाहिली आहे, आणि ती चाचणीत सापडत नाही, कारण प्रोग्रॅम उत्तम चालत राहतो.

आता मुख्य मुद्दा. योग्य फंक्शन वापरून तुम्ही जी जागा पुसता, ती किल्लीची एक प्रत असते. किल्लीच्या प्रती किती झाल्या, हे आधी मोजले पाहिजे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीसाठी मी अशाच प्रकारचे मॉड्यूल पाहत होतो. जुलैतल्या एका रात्री एक पेटी पॅनिक होऊन, म्हणजे कर्नेल कोलमडून, बंद पडली. 'केडंप'ने कर्नेलच्या मेमरीची फाइल नेमाने डिस्कवर लिहून ठेवली, आणि ड्यूटीवरच्या मुलाने ती निदानासाठी हार्डवेअर पुरवणाऱ्याकडे पाठवूनही दिली. सकाळी मला कळले तेव्हा मी ती फाइल मागवली आणि तिच्यात त्या पेटीची किल्ली शोधली. किल्लीचा ३२ बाइटांचा बफर शून्य होता, तो मीच काळजीपूर्वक पुसलेला होता. तरीही किल्ली दोन ठिकाणी सापडली, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत. त्या सर्व किल्ल्या बदलण्यात आमचे पुढचे कित्येक दिवस गेले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. एईएस तुमची किल्ली थेट वापरत नाही. ती आधी विस्तारते. २५६ बिटांच्या किल्लीसाठी १५ फेरी-किल्ल्या (एईएसच्या एकेका टप्प्यात वापरायच्या किल्ल्या) लागतात, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे २४० बाइट. लिनक्सच्या त्या स्ट्रक्चरमध्ये कूटबद्ध करण्यासाठी २४० आणि उलगडण्यासाठी २४० अशा दोन माळा आणि लांबीचे चार बाइट असतात. ४८४ चा हिशेब हाच. यातल्या पहिल्या माळेचे पहिले ३२ बाइट ही तुमची मूळ किल्लीच असते. आणि ते बाइट नसले तरी विस्ताराचे गणित उलट चालवता येते : १२८ बिटांच्या किल्लीसाठी कोणतीही एक फेरी-किल्ली हाती लागली, आणि २५६ साठी लागोपाठच्या दोन, की मूळ किल्ली परत मिळते. विस्तारित माळ शाबूत ठेवून मूळ बफर पुसणे म्हणजे कुलपाची किल्ली विहिरीत टाकून तिचा मेणाचा ठसा उंबरठ्यावर सोडून जाणे आहे.

तुम्ही 'एईएस_एक्स्पँडकी' स्वतः हाक मारून ही माळ स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवता, म्हणून ती पुसण्याची जबाबदारीही तुमचीच. कर्नेलच्या क्रिप्टो एपीआयमधून, म्हणजे कूटबद्धीकरणाच्या तयार सोयीतून, 'एसकेसायफर' हे ऑब्जेक्ट घेतले असते तर ते ऑब्जेक्ट सोडताना क्रिप्टोचा थर ते 'केफ्री_सेन्सिटिव्ह'नेच सोडतो. माझ्या मते तुमच्या कामासाठी तोच मार्ग घ्यावा. वेगाच्या कारणाने तो नको असेल तर निदान हे जाणून नाकारा.

स्टॅककडे वळू. फंक्शन परतले की त्याची चौकट पुसली जात नाही, फक्त स्टॅक पॉइंटर सरकतो. कम्पायलरने रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) कमी पडले म्हणून मधल्या किमती स्टॅकवर उतरवून ठेवल्या असतील, तर त्या जागांना तुमच्या कोडमध्ये नावच नाही. जिला नाव नाही ती जागा तुम्ही 'मेमझीरो_एक्स्प्लिसिट'ला देणार कशी? हे सी भाषेत बसून पूर्णपणे सुटणारे काम नाही, त्यासाठी कम्पायलरची मदत लागते. ४.२० पासून असलेली 'स्टॅकलीक' ही सोय प्रत्येक सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅमने कर्नेलला मारलेल्या हाकेच्या) शेवटी वापरलेला कर्नेल स्टॅक पुसते. ५.१५ पासून, जीसीसी ११ किंवा त्यापुढचा असेल तर, फंक्शनमधून परतताना वापरलेली रजिस्टरे शून्य करणारा पर्यायही आहे. तुमच्या पेटीवर फार भार नाही, तेव्हा दोन्ही चालू करा.

किल्ली तुमच्यापर्यंत येते कशी, हेही पाहा. वापरकर्त्याच्या बाजूचा प्रोग्रॅम ती 'आयऑक्टल' या सिस्टिम कॉलने देतो, तुम्ही 'मेमडप_यूजर'ने तिची कर्नेलमध्ये प्रत करता. त्या प्रोग्रॅमच्या बफरमध्ये एक प्रत आहे, आणि त्याने ती फाइलमधून वाचली असेल तर पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फाइलींच्या मेमरीतल्या साठ्यात) आणखी एक. बफर वाढवायला 'केरिॲलॉक' हे फंक्शन वापरले असेल तर ते नवी जागा घेऊन मजकूर तेथे नेऊ शकते आणि जुनी जागा न पुसता सोडून देते. गुपित असलेल्या बफरला 'केरिॲलॉक' लावूच नका. नवा घ्या, प्रत करा, जुना 'केफ्री_सेन्सिटिव्ह'ने सोडा.

तुमच्या पेटीत आठ जीबी मेमरी आहे आणि कूटबद्धीकरणाची चिप फक्त खालच्या चार जीबीपर्यंत पोहोचू शकते, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. ते वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. चार जीबीच्या वरचा बफर तुम्ही डीएमएसाठी, म्हणजे चिपने थेट मेमरी वाचण्यासाठी, दिला, की कर्नेल गुपचूप 'एसडब्ल्यूआयओटीएलबी'मधल्या, म्हणजे खालच्या भागात राखून ठेवलेल्या मधल्या बफरमध्ये त्याची प्रत करतो आणि चिपला ती प्रत देतो. हा राखीव साठा मूळ ठरवणीनुसार ६४ एमबी असतो. काम झाले की तो तुकडा पुन्हा वापरासाठी मोकळा होतो, पण पुसला जात नाही. तुमचा बफर तुम्ही कितीही चोख पुसला तरी ही प्रत तशीच उरते. उपाय असा, की किल्ली वाहून नेणारा बफर 'डीएमए_ॲलॉक_कोहेरंट'ने, उपकरणाचा डीएमए मास्क (ते कोणत्या पत्त्यापर्यंत पोहोचते ती मर्यादा) योग्य नेमून, आधीच घ्या. मग तो चिपच्या आवाक्यातच मिळतो आणि मधली प्रत होत नाही. तो सोडण्याआधी मात्र स्वतः पुसा, आणि चिपच्या आतल्या किल्ली-रजिस्टरांवरही शून्ये लिहा, कारण ती कर्नेलच्या मेमरीत मोडत नाहीत.

पुसण्याची वेळ हाही विचाराचा विषय आहे. चालू स्थितीत किल्ली बदलण्यासाठी तुम्ही आरसीयू (वाचकांना न अडवता माहिती बदलण्याची कर्नेलची पद्धत) वापरले आहे, ते उत्तम. पण जुन्या किल्लीचा पॉइंटर काढून घेतल्याबरोबर तुम्ही ती पुसता, हे घातक आहे. त्या क्षणी दुसऱ्या कोअरवरचा एखादा वाचक तीच किल्ली घेऊन नोंद कूटबद्ध करीत असू शकतो. तुम्ही मध्येच शून्ये लिहिली तर ती नोंद अर्धवट शून्य झालेल्या किल्लीने डिस्कवर जाईल आणि पुन्हा कधीच उघडणार नाही. पतसंस्थेच्या खात्यांसाठी हे किल्ली फुटण्याइतकेच गंभीर आहे. उलट बाजूने 'केफ्री_आरसीयू' वापरले तर वाचक सुरक्षित राहतात, परंतु पुसणे होतच नाही. बरोबर रीत वायरगार्ड या व्हीपीएनच्या कोडमध्ये पाहायला मिळते : 'कॉल_आरसीयू'ला स्वतःचे छोटे फंक्शन द्यायचे, आणि सर्व वाचक बाहेर पडल्यावर त्या फंक्शनमध्ये 'केफ्री_सेन्सिटिव्ह' करायचे. त्याच प्रकल्पाची आणखी एक शिस्त घेण्यासारखी आहे. नवी जुळणी झाली नाही तर १८० सेकंदांच्या आयुर्मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे ५४० सेकंदांनी, तो सत्राच्या किल्ल्या आपणहून पुसतो. किल्ली मेमरीत जितका कमी वेळ राहील तितके बरे, हे त्यात कोडरूपाने उतरले आहे.

तुम्ही सरसकट 'इनिट_ऑन_फ्री' लावून मोकळे व्हावे का, असेही विचारले आहे. ५.३ पासून हा बूट पर्याय आहे. मोकळी होणारी मेमरीची सर्व पाने आणि स्लॅबचे तुकडे तो शून्य करतो. कर्नेलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात त्याचा बोजा बहुतेक ठिकाणी ३ ते ५ टक्के आणि कृत्रिम चाचण्यांत ८ टक्क्यांपर्यंत सांगितला आहे. तुमच्या पेटीवर तो जरूर लावा, पण सुटलेल्या प्रतींसाठीचे जाळे म्हणून. ज्या स्लॅब कॅशला (एकाच मापाच्या तुकड्यांच्या साठ्याला) कन्स्ट्रक्टर, म्हणजे तुकडे आधी भरून ठेवणारे फंक्शन, आहे किंवा जी 'टाइपसेफ_बाय_आरसीयू' आहे, तिला तो वगळतो. आणि जे मोकळेच झाले नाही, त्याला तर तो काहीच करू शकत नाही.

वीज गेली की मेमरी आपोआप रिकामी होते, असा समज आपल्याकडे पावसाळ्यात चार वेळा वीज जाणाऱ्या भागातही पक्का आहे. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की वीज तोडल्यावरही डीरॅममधला (संगणकाच्या मुख्य मेमरीतला) मजकूर काही सेकंद टिकतो आणि उणे ५० अंशांपर्यंत थंड केल्यास कित्येक मिनिटे टिकतो. थंड करायला त्यांनी दाबलेल्या हवेचा साधा डबा उलटा धरला होता. शाखेतली पेटी उचलून नेणाऱ्याच्या हाती चालू मेमरी पडू शकते, हे गृहीत धरूनच आखणी करा. हायबरनेशन (मेमरी डिस्कवर उतरवून यंत्र बंद करण्याची सोय) बंद ठेवा, आणि 'केडंप' ठेवायचेच असेल तर त्याची फाइल कूटबद्ध करून ठेवा आणि ती पेटीबाहेर कोण नेऊ शकतो हे लेखी ठरवा.

शेवटी पडताळणी. तुमची पेटी केमू या प्रोग्रॅमच्या आभासी यंत्रात चालवा, ओळखू येईल अशी किल्ली द्या, काम उरका, किल्ली सोडा, आणि मग केमूच्या मॉनिटरमधून (आज्ञा देण्याच्या खिडकीतून) 'पीमेमसेव्ह'ने सारी मेमरी यजमान यंत्रावर फाइलमध्ये उतरवून तिच्यात ते ३२ बाइट शोधा. एक काळजी घ्या : चाचणीची किल्ली प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी लिहू नका, नाही तर ती प्रोग्रॅमच्या फाइलीतून पेज कॅशमध्ये येईल आणि तुम्ही तिच्याच मागे दिवसभर धावाल. ती दोन तुकड्यांच्या एक्सऑरमधून (बिटांची बेरजेसारखी क्रिया) प्रोग्रॅम चालू असताना बनवा. शोध किल्लीपुरता ठेवू नका. शेवटच्या दोन फेरी-किल्ल्याही शोधा, कारण मूळ ३२ बाइट योगायोगाने झाकले गेले आणि बाकी माळ उरली, असे होते. आणि हे सर्व यशाच्या वाटेवर एकदा आणि अपयशाच्या प्रत्येक वाटेवर एकदा करा. मधले मेमरी मागणे फसले, चिपने उत्तर दिले नाही, वापरकर्त्याने मध्येच प्रोग्रॅम मारला, अशा वेळी कोड 'गोटू' या उडीच्या आज्ञेने भलत्याच लेबलवर जातो. डीएमएचा भाग मात्र आभासी यंत्रात हुबेहूब येणार नाही, तो खऱ्या पेटीवर 'केडंप' मुद्दाम घडवून तपासावा लागेल.

तुमच्या कोडमध्ये अशी तीन लेबले आहेत. पहिल्या दोन ठिकाणी बफर 'केफ्री_सेन्सिटिव्ह'ने सोडला आणि स्ट्रक्चरही तसेच सोडले की झाले. तिसरे, चिप सुरू न झाल्यास जेथे उडी जाते ते, 'मेमडप_यूजर'ने आलेली प्रत अजिबात सोडतच नाही. तेथे मेमरी गळते आणि तिच्यासोबत किल्लीही यंत्र बंद होईपर्यंत तशीच राहते. चाचणीची सुरुवात त्या वाटेपासून करा.